मोतीबिंदू मोजला जातो, काचबिंदू सुटतो: डोळ्यातल्या पाण्याचा निचरा आणि आपली नेत्रशिबिरे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांना गेल्या काही वर्षांत देशभर वेग आला आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय नेत्रज्योती अभियान सुरू केले आणि तीन वर्षांत २ कोटी ७० लाख शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रातही 'मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र' ही घोषणा आपण ऐकली आहे. गावोगावी शिबिरे होतात, गाडी येते, रुग्णांना दवाखान्यात नेते, ऑपरेशन करून परत आणून सोडते. हे काम मोठे आहे आणि त्याने असंख्य घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा उजेड दाखवला आहे.

पण या मोजणीत डोळ्याचा एक दुसरा आजार वारंवार सुटतो. त्याचे नाव काचबिंदू. नावात 'बिंदू' असल्यामुळे तो मोतीबिंदूचाच भाऊ असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोघांचा स्वभाव उलटा आहे. मोतीबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने बहुतेक वेळा परत येते. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उपचार फक्त उरलेली नजर वाचवतात. म्हणून तो लवकर सापडणे हाच खरा उपाय आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेचे उदाहरण घ्या. इथल्या माणसाला डोळ्यांचा तज्ज्ञ शोधायला लांब जावे लागत नाही. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि तिचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. वर्ध्यात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. एवढी सोय महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. तरीही अशा गावातल्या माणसाचा काचबिंदू वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. कारण अडचण अंतराची नाही. दुखत नाही, खुपत नाही, समोरचे दिसते, मग दवाखान्यात जायचे कशाला? आणि शिबिरात गेलेच, तर तिथे जी तपासणी होते ती बहुधा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर शोधत असते.

हे समजण्यासाठी आधी डोळ्याच्या पुढच्या भागातले पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहू.

डोळ्यात दोन प्रकारचे पाणी असते

पहिले पाणी म्हणजे अश्रू. ते डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतात. म्हणून रडताना नाकही वाहते. अश्रूंचा हा मार्ग बंद झाला तर डोळ्यातून सतत पाणी गळते, पण त्याचा काचबिंदूशी संबंध नाही.

दुसरे पाणी डोळ्याच्या आत असते. ते बाहेरून दिसत नाही. डोळ्याच्या पुढे काचेसारखा पारदर्शक भाग असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यामागे रंगीत पडदा, म्हणजे बुबुळ, आणि त्याच्या मधोमध बाहुली. त्यामागे नैसर्गिक भिंग. कॉर्निया आणि भिंग आरपार दिसावेत म्हणून त्यांत रक्तवाहिन्या नसतात. मग त्यांना अन्न आणि प्राणवायू कोण देणार? हे काम हे आतले पाणी करते. शिवाय त्याच्या दाबामुळे डोळ्याचा गोल आकार टिकतो.

बुबुळाच्या मागे असलेली एक लहान ग्रंथीसारखी रचना हे पाणी तयार करते. दर मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर, म्हणजे दिवसभरात सुमारे ३ मिलिलिटर. अर्ध्या चमच्याहून थोडे जास्त. पुढच्या कप्प्यात एका वेळी जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावते, म्हणजे दीड-दोन तासांत तिथले सगळे पाणी बदलून जाते. हे काम रात्रंदिवस चालू असते.

तयार झालेले पाणी बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येते. तिथून ते कडेला जाते, जिथे कॉर्निया आणि बुबुळ एकमेकांना भेटतात. या सांध्याला डॉक्टर 'अँगल' म्हणजे कोन म्हणतात. या कोनात गोल फिरलेली एक बारीक जाळी असते. पाणी जाळीतून गाळून एका वर्तुळाकार नळीत उतरते. तिला श्लेमची नळी म्हणतात. तिथून ते डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत मिसळते आणि रक्ताबरोबर निघून जाते. हा मुख्य रस्ता. थोडे पाणी कोनाजवळच्या स्नायूंच्या फटींतूनही झिरपून जाते. तो दुसरा, आडवाटेचा रस्ता.

घरच्या भाषेत सांगायचे तर डोळ्यात एक नळ आहे आणि एक नाली आहे. नळ सतत चालू असतो, तो बंद करता येत नाही. नाली मोकळी असेल तर पातळी स्थिर राहते. डोळ्याचा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो. नाली तुंबली की दाब वाढतो. डोळा बंद गोळा असल्यामुळे पाण्याला बाहेर सांडायला जागा नसते. हा दाब मागच्या बाजूला, डोळ्याची नस जिथून मेंदूकडे निघते तिथे, हळूहळू इजा करतो. नसेतले तंतू मरतात आणि मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत.

नाली दोन तऱ्हांनी बंद होते

पहिली तऱ्हा: नालीचे तोंड उघडे आहे, पण जाळी आतून चोंदली आहे. हा उघड्या कोनाचा काचबिंदू. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. वेदना नाही, लाली नाही.

दुसरी तऱ्हा: जाळी चांगली आहे, पण बुबुळ पुढे सरकून नालीच्या तोंडावरच झाकण बसते. हा बंद कोनाचा काचबिंदू. ज्यांचे डोळे आकाराने लहान आहेत, ज्यांना जवळचे व लांबचे पाहण्यासाठी जाड 'प्लस' नंबर आहे, ज्यांचे भिंग वयानुसार जाड झाले आहे, त्यांच्यात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, हा धोका जास्त असतो. झाकण अचानक बसले तर डोळा लाल होतो, प्रचंड दुखतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, त्याच बाजूचे डोके ठणकते आणि उलट्या होतात. कित्येकदा घरचे याला पित्त किंवा अर्धशिशी समजतात आणि एक दिवस वाया जातो. या आजारात तासांचा हिशेब असतो. पण लक्षात घ्या, बंद कोनाचे बरेच रुग्णही असा झटका न येताच नजर गमावतात. झाकण हळूहळू बसते आणि कुणाला कळत नाही.

दोन्ही प्रकारांचे उपचार वेगळे आहेत. म्हणून 'दाब वाढला आहे' एवढे कळणे पुरेसे नाही. नाली चोंदली आहे की झाकली गेली आहे, हे पाहावे लागते. ते बाहेरून बॅटरीने खात्रीने कळत नाही. डोळ्यात सुन्न करणारा थेंब टाकून आरसे बसवलेले एक छोटे भिंग डोळ्यावर टेकवतात आणि कोन पाहतात. या तपासणीचे नाव गोनिओस्कोपी. ती काही मिनिटांत होते आणि दुखत नाही.

अक्षरे वाचता आली म्हणजे डोळा चांगला, असे नाही

आपल्या शिबिरांत पहिली तपासणी असते ती भिंतीवरच्या तक्त्याची. ती मधली नजर मोजते, आणि काचबिंदू बहुधा कडेच्या नजरेपासून सुरुवात करतो. बाजूने येणारी सायकल, पायाखालची पायरी, ताटाच्या कडेची वाटी हळूहळू नजरेआड होऊ लागते, पण समोरचे अक्षर शेवटपर्यंत वाचता येते. दोन डोळ्यांपैकी एक चांगला असेल तर तो दुसऱ्याची उणीव भरून काढतो. त्यामुळे तक्त्यावर ६/६ वाचणाऱ्या माणसालाही पुढे गेलेला काचबिंदू असू शकतो.

नुसता दाब मोजूनही भागत नाही. अनेक रुग्णांचा दाब एका वेळच्या तपासणीत 'नॉर्मल' येतो. दाब दिवसभर वरखाली होतो. शिवाय दाब मोजणारे यंत्र कॉर्नियावर दाब देऊन मोजते, आणि कॉर्निया पातळ असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो.

ही गोष्ट आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे. वर्ध्याशेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या गटाने 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी' ही मोठी पाहणी केली. तीस वर्षांवरील ४,७११ माणसे तपासली गेली. त्यांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय वंशाच्या लोकांत ती साधारण ५४० ते ५५० असते. याचा अर्थ असा की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या डोळ्याचा दाब १८ आला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये. कॉर्नियाची जाडी मोजून मगच तो आकडा वाचायला हवा, आणि डोळ्याची नस पाहायलाच हवी.

आकडेवारीत काचबिंदू लहान का दिसतो?

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू होते, तर काचबिंदू ५.५ टक्के. हे आकडे वाचून कुणालाही वाटेल की आधी मोतीबिंदू संपवू, काचबिंदूचे नंतर पाहू.

पण हे सर्वेक्षण कसे होते ते पाहा. कमी वेळात जास्त माणसे तपासता यावीत म्हणून त्यात मुख्यतः मधली नजर मोजतात, कडेच्या नजरेची यंत्रावर तपासणी करत नाहीत. एका माणसाला दोन आजार असतील तर ज्याचा उपचार अधिक सोपा, तो मुख्य कारण म्हणून नोंदवण्याची या पद्धतीत रीत आहे. म्हणजे मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही असलेल्या आजोबांची नोंद मोतीबिंदूच्या खात्यात जाते. नियोजनासाठी ही पद्धत उपयोगी आहे, तिच्यात लबाडी नाही. पण तिच्या आधारे काचबिंदू किरकोळ आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल.

दुसरा अंदाज याच्या शेजारी ठेवा. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू आहे. त्यांत उघड्या कोनाचे सुमारे ६५ लाख आणि बंद कोनाचे सुमारे २५ लाख. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत यांपैकी बहुतेकांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते.

आपल्या गावात नाली तुंबण्याची तीन कारणे

वय, घरातला आजार, जाड चष्मा, मधुमेह ही कारणे सगळीकडे सारखी. पण वर्ध्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात तीन कारणांकडे वेगळे लक्ष द्यायला हवे. तिन्ही टाळता येतात.

पहिले, 'मोतीबिंदू पिकू द्या' ही समजूत. पेरणी होऊ द्या, वेचणी होऊ द्या, उन्हाळा सरू द्या, असे करत दोन-तीन वर्षे जातात. पूर्वी ऑपरेशनची पद्धत वेगळी होती, तेव्हा पिकण्याची वाट पाहत असत. आता त्याची गरज नाही. जास्त पिकलेला मोतीबिंदू फुगतो आणि बुबुळाला पुढे ढकलून नाली झाकतो. किंवा भिंगातले प्रथिन झिरपून पाण्यात मिसळते आणि जाळी चोंदते. मग एके रात्री डोळा लाल होऊन असह्य दुखू लागतो. तेव्हा ऑपरेशन केले तर दुखणे थांबते, पण नस आधीच मेली असेल तर नजर येत नाही. ज्या डोळ्यात सहा महिन्यांपूर्वी साध्या ऑपरेशनने चांगले दिसले असते, तो डोळा कायमचा जातो.

दुसरे, दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली आणि लाखो रुग्णांची नोंद झाली. त्या वेळी अनेक घरांत शेजाऱ्याने सांगितलेली किंवा मागच्या वेळची उरलेली बाटली वापरली गेली. यांतल्या कित्येक औषधांत स्टेरॉइड असते. त्याने लाली झटकन उतरते, म्हणून औषध चांगले वाटते. पण काही आठवडे सलग वापरले तर साधारण तीनपैकी एका माणसाच्या जाळीचा निचरा कमी होऊन दाब वाढतो, आणि थोड्यांचा तर फारच वाढतो. उन्हाळ्यात डोळे खाजतात म्हणून वर्षानुवर्षे असे थेंब टाकणारी लहान मुले यात सर्वांत जास्त धोक्यात असतात. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड वाईट नसते. डोळ्याच्या काही आजारांत तेच नजर वाचवते. पण ते किती दिवस टाकायचे आणि दाब कधी तपासायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. दमा, सांधे किंवा त्वचेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, पंप किंवा मलम चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. डोळ्याच्या डॉक्टरांना मात्र जरूर सांगा.

तिसरे, डोळ्याला लागलेला मुका मार. शेतात पऱ्हाटीचे खुंट, जनावराचे शिंग, मुलांची विटी किंवा चेंडू, दिवाळीतले फटाके. वरून जखम भरते, पण आत कोनाला चीर पडलेली असू शकते. अशा डोळ्याचा दाब कित्येक वर्षांनीही वाढतो. म्हणून ज्या डोळ्याला कधी जोरात लागले असेल, तो वर्षातून एकदा तपासून घ्यावा.

लहान बाळांबद्दल एक वाक्य वेगळे. जन्मतःच नाली नीट तयार झाली नसेल तर बाळाचे डोळे नेहमीपेक्षा मोठे, टपोरे दिसतात, त्यांतून पाणी येते आणि बाळ उजेडात डोळे मिटून घेते. असे डोळे कौतुकाचे नाहीत, त्याच आठवड्यात दाखवायचे आहेत.

योजना एका ऑपरेशनची, आजार आयुष्यभराचा

आता धोरणाकडे येऊ. मोतीबिंदूचे अभियान यशस्वी होण्याचे एक कारण असे की तो आजार मोजायला आणि संपवायला सोपा आहे. एक डोळा, एक ऑपरेशन, एक नोंद. काचबिंदूत तसे होत नाही. रुग्ण सापडला की काम संपत नाही, तिथून सुरू होते. रोज थेंब, दर काही महिन्यांनी दाब, वर्षातून एक-दोनदा दृष्टिक्षेत्राची तपासणी, आणि हे सारे जन्मभर. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात काचबिंदूलाही जागा आहे. पण अभियानाची गाडी आजही शस्त्रक्रियेच्या आकड्यावर धावते.

पैशांचेही तसेच आहे. आयुष्मान भारतची रचना मुख्यतः रुग्णालयात होणाऱ्या उपचारांसाठी आहे. रोज लागणारी थेंबांची बाटली बहुधा खिशातूनच घ्यावी लागते. दुखत नसलेल्या डोळ्यासाठी दर महिन्याला औषध आणायचे, तेही नजर सुधारणार नाही हे माहीत असताना, हे मजुरी करणाऱ्या घराला जड जाते. औषध बंद होते. दोन वर्षांनी माणूस परत येतो तेव्हा फार थोडी नजर उरलेली असते. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण काचबिंदूचे मूलभूत थेंब सरकारी दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्यांसारखे नियमित मिळाले, तर चित्र बदलेल.

इथे एक चांगली शक्यताही आहे. मोतीबिंदूचे शिबिर हीच काचबिंदू शोधण्याची सर्वांत सोपी जागा आहे, कारण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे तिथे आपण होऊन येतात. तक्त्यासोबत दाब मोजला, बाहुलीतून नस पाहिली आणि संशयित माणसाला कोन पाहण्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले, तरी बरेच साधेल. पिपरी मेघेहून सेवाग्राम किंवा सावंगी जवळ आहे. अडते ते चिठ्ठी देण्यावर आणि माणूस खरोखर पोचला का हे पाहण्यावर.

शिवाय बंद कोनाच्या काही रुग्णांत भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की बुबुळ मागे सरकते आणि नाली मोकळी होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ईगल' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे दिसून आले. म्हणजे योग्य डोळ्यात वेळेवर झालेले भिंगाचे ऑपरेशन काचबिंदूवरही उपचार ठरू शकते. दोन्ही आजारांची कामे एकमेकांच्या विरोधात नाहीत.

उपचार: नळ कमी करा किंवा नाली मोकळी करा

काचबिंदूचा प्रत्येक उपचार या दोनपैकी एक काम करतो.

टिमोलॉल, ब्रिन्झोलामाइड, डॉर्झोलामाइड हे थेंब मुख्यतः नळ बारीक करतात. लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट हे मुख्यतः आडवाटेचा निचरा वाढवतात. रिपासुडिल आणि नेटारसुडिल ही नवीन औषधे थेट जाळी सैल करतात. दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर टिमोलॉलने त्रास होऊ शकतो, म्हणून तुमचे इतर आजार डॉक्टरांना आधीच सांगा.

कोन बंद होत असेल तर लेसरने बुबुळाला एक बारीक छिद्र पाडतात. पाण्याला पुढे यायला वाट मिळते आणि झाकण मागे सरते. ज्यांचा कोन अरुंद आहे पण दाब आणि नस ठीक आहे, अशा प्रत्येकाला हे लेसर लागतेच असे नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरातील मोठ्या अभ्यासात अशा लोकांत त्याचा फायदा थोडाच दिसला. तुमच्या बाबतीत गरज आहे का, हे विचारा.

कोन उघडा असेल तर जाळीवर सौम्य लेसर देता येते. त्याला थोडक्यात एस.एल.टी. म्हणतात. ब्रिटनमधल्या 'लाइट' अभ्यासात, जो २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला, आधी हे लेसर घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७४ टक्के तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय होते आणि त्यांचा दाब काबूत होता. आपल्याकडे, जिथे थेंब चुकण्याचे प्रमाण मोठे आहे, तिथे हा मार्ग फार उपयोगी पडू शकतो. पण त्याच्या मर्यादाही आहेत. तो सर्वांना लागू पडत नाही, परिणाम काही वर्षांनी ओसरतो, आणि लेसरनंतरही तपासणी सुटत नाही. 'एकदा लेसर, कायमची सुटका' असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

थेंब आणि लेसर पुरले नाहीत तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रिया करतात. तीत पाण्यासाठी नवी वाट तयार करून ते वरच्या पापणीखाली सोडले जाते. नजर वाढवणे हा तिचा उद्देश नसतो, दाब उतरवणे हा असतो. हे आधी समजले नाही तर 'ऑपरेशन करूनही फरक पडला नाही' असे वाटते. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड लागू होते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तुम्ही काय करायचे?

वय चाळीसच्या पुढे असेल तर दृष्टी चांगली असतानाच एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका कितीतरी पट वाढतो. तेव्हा ही तपासणी टाळू नका. तुम्हाला स्वतःला काचबिंदू निघाला तर घरी भावंडांना आणि मोठ्या मुलांना सांगा. हा आजार लपवण्यासारखा नाही.

शिबिरात किंवा दवाखान्यात हे चार प्रश्न विचारा:

• माझ्या डोळ्याचा दाब किती आहे, आणि कॉर्नियाची जाडी मोजली का?
• डोळ्याची नस पाहिली का, ती कशी आहे?
• माझा कोन उघडा आहे की बंद?
• दृष्टिक्षेत्राची तपासणी हवी का?

उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच होणार आहे.

थेंब चालू असतील तर एका वेळी एकच थेंब टाका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. दोन औषधे असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्या. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक बाटल्या साधारण महिनाभरच वापरायच्या असतात. लॅटॅनोप्रोस्टच्या न फोडलेल्या बाटल्या सहसा थंड जागी ठेवाव्या लागतात. वर्ध्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात हे जमत नाही. घरी फ्रिज नसेल तर संकोच न करता सांगा. साध्या तापमानाला टिकणारे दुसरे औषध मिळू शकते.

काचबिंदू असेल तर सकाळी उठल्याबरोबर लिटरभर पाणी एका दमात पिऊ नका, थोडे थोडे प्या. शीर्षासन टाळा, त्यात डोळ्याचा दाब दुपटीपर्यंत जातो. चालणे आणि साधा व्यायाम चांगला आहे.

खालीलपैकी काहीही झाले तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा: डोळा लाल होऊन खूप दुखणे, सोबत उलटी किंवा डोकेदुखी, अचानक धुरकट दिसणे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे. कॅज्युअल्टीत गेल्यावर नुसते 'डोके दुखते' असे सांगू नका, 'डोळा दुखतो आणि नजर कमी झाली' असे स्पष्ट सांगा.

गावात पुढचे नेत्रशिबिर लागेल तेव्हा घरातल्या मोठ्यांना मोतीबिंदूसाठी जरूर न्या. तो पिकायची वाट पाहू नका. आणि तिथे गेल्यावर 'आईला मोतीबिंदू आहे का?' या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारा: 'आणि काचबिंदू?'